मागचा माणूस

"दादा, धुराच्या वासाचा येऊ नको हं. आंघोळ करून येजो. मले खोकला लागते."

वच्छलाचा हा आवाज आजही सकाळी सकाळी कानाशी येतो. सरकारी दवाखान्यातला बायांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट, आणि उशाला पाठ टेकून बसलेली माझी धाकटी बहीण. लहानपणी आलेल्या तापानं तिच्या हृदयाची झडप बिघडवून ठेवली होती. दर थंडीत तिला दम लागायचा, पण त्या वर्षीची थंडी तिच्या छातीत घर करूनच बसली. डॉक्टर म्हणाले होते, गाडीची सोय झाली की नागपूरला हलवू. सोय काही होत नव्हती.

"दुपारी येतो," मी म्हणालो. "जेवायची सुट्टी झाली की पहिले इथं."

"पक्कं?"

"पक्कं."

तिचा नवरा उत्तम खाटेच्या पायथ्याशी उभा राहून तिच्या पायांवरची चादर सारखी करत होता. तो माझ्यासारखाच नगरपालिकेचा फायरमन. एकच पाळी, एकच बंब, एकच होज. त्यांचं लग्न मीच जमवलेलं, म्हणून सगळं फायर स्टेशन त्याला 'जवाई' म्हणायचं. नगराध्यक्ष एकदा पाहणीला आले, तर तेही विचारून गेले, "जवाईबापूंचं कसं चाललंय?"

आमच्या आईला जात्यावरच्या ओव्या यायच्या. आई गेली, पाठोपाठ जातंही घरातून गेलं, पण ओव्या वच्छलाच्या गळ्यात राहिल्या. मी नोकरीला लागलो तेव्हा तिनं स्वतःच्या मनानं एक रचली होती. त्या सकाळी उगीच पुटपुटल्यासारखी म्हणू लागली:

*दुरून ओळखते, माझ्या दादाची चाहूल*
*धुराच्या वाटेवर...*

एवढ्यातच तिला दम लागला. उरलेलं उत्तमनं म्हटलं, सूर सोडून, शाळेत पाढे म्हणावेत तसं: "ओलं उमटे पाऊल. झालं? आता निज." मग मला म्हणाला, "इतक्या वर्षांत माह्यावर एक नाई केली, बरं का साळेबुवा."

"तुमच्यावर कशी करू?" वच्छला हसली. "ओवी दूरच्या माणसाची असते. तुम्ही तं उशाशीच बसून राहता."

आम्ही तिघंही हसलो. मग तो आणि मी सायकली काढून ड्युटीवर गेलो.

*

घंटा वाजली तेव्हा मी बंबाच्या काचा पुसत होतो. स्टेशनाजवळच्या जुन्या जिनिंग कारखान्याला आग लागली होती. दिवाळीनंतरचे दिवस, म्हणजे आमच्याकडे कापसाचे दिवस. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या घराएवढ्या उंच. सरकी काढायच्या रेच्यात कापसाबरोबर एखादा खडा नाहीतर खिळा गेला, ठिणगी पडली, की झालं.

आमचे लीडिंग फायरमन शेषराव काळमेघ बंबात पुढे बसले होते. पिकल्या मिशांचा, बारीक अंगाचा माणूस. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. वाटेत ते बोलत नसत. मान बाहेर काढून आभाळाकडे बघत बसायचे.

"पिवळा आहे," ते म्हणाले. "हळदीच्या पाण्यावानी. म्हणजे अजून श्वास घेऊन राहिली. आतमधी काहीतरी कोंडलेलं आहे."

त्यांनी आम्हाला शिकवलेलं एवढंच होतं: आग पाहायला सगळं गाव येतं, आपण धूर पाहायचा. आग फक्त आत्ताचं सांगते. पुढचं धूर सांगतो.

आवारात शिरलो तर माणसांची ही गर्दी. मागच्या अंगाची गंजी पेटली होती, आणि तिथून गवाक्षातून आग कापसाच्या बांधलेल्या गाठींच्या गोदामात शिरली होती. गोदामाच्या पोटात एक छोटी खोली होती, तिथं बाया बसून कापूस निवडायच्या. त्या खोलीला दोन दारं. एक बाहेर उघडणारं, त्याच्याच अंगावर पेटलेली गंजी ढासळून पडलेली. दुसरं गोदामात उघडणारं, आणि गोदाम धुरानं भरलेलं. बाया मधे अडकल्या होत्या. त्यांचा आवाज बाहेर येत होता. रडण्याचा नव्हे, कोणीतरी एकीमागून एक नावं घेऊन हाका मारत होती, आणि जिची तिची 'ओ' येत होती.

काळमेघ मामांनी गोदामाला एक चक्कर मारली. भिंतीला हाताची उलटी बाजू लावून पाहिली. लोक ओरडत होते, "पाणी मारा ना! पाहता काय?" एकानं तर शिवी हासडली. मामांनी तिकडे पाहिलंही नाही.

"बाजूची भिंत फोडतो मी," ते म्हणाले. "दगडाची आहे, वेळ लागंल. तोवर आतून त्या लाकडी दाराले आग लागू द्यायची नाई. सुखदेव, जवाई, तुम्ही दोघं आत. भिंत फुटली का मी शिट्टी मारतो. तोवर दार सोडायचं नाई."

आत जाताना ब्रँच उत्तमनं उचलली. ब्रँच म्हणजे होजच्या तोंडाची पितळी नळी. तिचं टोक फिरवलं की पाण्याची सरळ धार निघते, उलटं फिरवलं की फवारा. ब्रँच पुढच्या माणसाच्या हातात आणि होजचं सगळं वजन मागच्याच्या खांद्यावर. पाण्याचा दाब पुढच्याला मागं लोटतो, म्हणून मागचा आपली छाती त्याच्या पाठीला भिडवून उभा राहतो. आगीत गळ्यातला आवाज पोचत नाही, तेव्हा बोलायचं ते पाठीवर थापा मारून. एक थाप म्हणजे पुढं. दोन म्हणजे मागं. पुढच्यानं वळून पाहायचं नाही. मान वळली की हात वळतो, हात वळला की पाणी वळतं. वरचं, खालचं, बाजूचं मागच्यानं पाहायचं, आणि पुढच्यानं त्याच्या हातावर विश्वास टाकायचा.

एरवी मी पुढं आणि तो मागं असायचा. त्या दिवशी त्याच्या मनात काय होतं कोण जाणे, सकाळपासून त्याच्या हाताला चैन नव्हती. दारातून आत शिरल्या शिरल्या त्यानं सरळ धार सोडली, तीही पूर्ण दाबानं. धार जाऊन आदळली फुटलेल्या गाठीवर, आणि पेटता कापूस भसकन उधळला. जळते पुंजके आमच्या डोक्यावरून उडत पलीकडच्या थप्पीवर जाऊन बसले. जिथं आग नव्हती तिथं आम्हीच आग नेऊन ठेवली.

काळमेघ मामा गोदामाच्या दारात होते. त्यांनी मागून येऊन ब्रँच हिसकावली.

"पिंजारी झाला काय बे जवाई? गादी भरतं का इथं?" आणि ती माझ्या हातात कोंबली. "तू घे. सडा टाक, सडा! बाया अंगणात टाकतात तसा."

उत्तम मागं सरकला. त्याचं तोंड उतरलेलं मला धुरातही दिसलं. कामात चुकणारा माणूस नव्हता तो. पण कापूस फार पातळ मनाचा असतो. त्याच्याशी जोरानं वागलं की तो सगळीकडे जातो. त्याला पाणी बारीक लागतं, पावसाच्या भुरभुरीसारखं. त्यासाठी मनगट लागतं, आणि ते त्या वेळी आमच्या स्टेशनात माझ्याकडेच होतं. यात बढाई कसली? कोणाला चपाती गोल येते, कोणाला येत नाही.

आम्ही बायांच्या खोलीच्या लाकडी दाराच्या बाजूला गुडघ्यावर बसलो. खाली हवा थोडी बरी होती. मी दारावर, दारासमोरच्या गाठींवर, आणि मधून मधून वर छताकडे फवारा सोडत राहिलो. दाराच्या फटीतून आतल्या बाईचा आवाज आला.

"भाऊ, आहेस ना रे?"

"आहे, बाई."

"जाऊ नको हं."

"नाई जात. फटीले ओलं लुगडं लावा. खाली बसा सगळ्या."

"बसलो. एकीले चक्कर आली."

"तिचं तोंड जमिनीजवळ ठेवा."

असं किती वेळ चाललं कळत नाही. आगीत वेळ नसतो, नुसता थकवा असतो. मग एकाएकी होज हातात मेल्यासारखी पडली. बंबातलं पाणी संपलं होतं. उत्तमनं पाठीवर दोन थापा मारल्या, तसे आम्ही सरपटत बाहेर आलो.

*

आमचा ड्रायव्हर रशीदभाई जिनिंगच्या विहिरीत पाईप सोडून पंपाशी झटत होता. "पंप हवा धरून राहिला," तो ओरडला. "थोडा दम खा! येतं पाणी!"

पलीकडून भिंत फोडणाऱ्या सबलीचे घाव ऐकू येत होते. मी बादलीतल्या पाण्यानं डोळे धुतले आणि निंबाच्या बुंध्याला टेकून बसलो. मान उचलवत नव्हती. ऊन डोक्यावर आलं होतं. दुपार झाली, एवढंच मनात आलं. वच्छला वाट पाहत असेल. दवाखाना तिथून फार लांब नव्हता. स्टेशनातली सायकल घेऊन टांग टाकली असती तर तिला तोंड दाखवून परत आलो असतो. पण पाणी कधीही येईल, आणि आत ती बाई 'भाऊ' म्हणत होती.

डोळे उघडले तेव्हा फाटकाजवळ उत्तम उभा होता, आणि त्याच्याशी खाकी कपड्यातला एक माणूस सायकल धरून बोलत होता. उत्तम ऐकत होता. त्या माणसानं माझ्या दिशेला बोट केलं. उत्तमनं मान हलवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला वळवलं. तो माणूस निघून गेला.

उत्तम माझ्याकडे आला.

"कोण होता रे?"

"कोणी नाई."

"दवाखान्यातला तं नव्हता? खाकी दिसला म्हणून इचारतो."

"नाई. आग कुठवर आली इचारत होता. त्याचं घर आहे म्हणे मागच्या बाजूले."

मी म्हणालो, "जवाई, भिंत फुटली का तू पुढं हो दवाखान्यात. म्या तिले दुपारी येतो म्हणलं होतं. तिले सांग, दादा येऊन राहिला."

त्यानं आपल्या खांद्यावरचा टॉवेल बादलीत बुडवून पिळला आणि माझ्या नाकातोंडावरून घेऊन मागं गाठ मारली. गाठ बसेना, दोनदा सुटली. मला वाटलं, थकला असेल. मीही थकलो होतो. गाठ कशीबशी बसली.

तेवढ्यात रशीदभाईचं इंजिन घुमलं आणि होज भरून ताठ झाली.

"चाल," उत्तम म्हणाला. "पाणी आलं."

*

आत सगळं बदललं होतं. आम्ही नसताना धूर खाली उतरला होता. मघा डोक्यावर हातभर उंच होता, आता बसलं तरी टोपीला लागत होता. त्याचा पिवळा रंग जाऊन तो काळा झाला होता, आणि हांडीत आधण यावं तसा आतल्या आत उकळत होता.

"बाई!" मी हाक मारली.

"आहोत, भाऊ." आवाज बारीक झाला होता.

मी ब्रँच वर करून छतावर एक झोत मारला आणि लगेच बंद केला. हीसुद्धा मामांचीच शिकवण. छताला पाणी मारायचं आणि थांबायचं. थेंब परत अंगावर पडले तर छत थंड आहे. नाही पडले तर छतानं ते वरच्या वर पिऊन टाकलं असं समजायचं, आणि मग आपल्याकडे फार वेळ नसतो.

मी थांबलो. एकही थेंब परत आला नाही.

वर काळ्या धुरात एक नारिंगी जीभ लवलवली आणि आत गेली. मग दुसरी, तीही सापासारखी छताच्या कडेकडेनं. धूरच पेटायला लागला होता. एकदा का तो सगळा पेटला की खोली वरपासून खालपर्यंत एकदमच जळते, माणसासकट.

आता दोन थापा यायला पाहिजे होत्या. दोन थापा, आणि मागं. कोणत्याही शहाण्या मागच्या माणसानं त्या मारल्या असत्या. त्याला वरचं माझ्यापेक्षा चांगलं दिसत होतं. मी वाट पाहिली. आल्या असत्या तर मी दार सोडून मागं सरकलो असतो, हे खरं आहे.

थापा आल्या नाहीत. त्याचा हात माझ्या पाठीवर आला. आधी उचललेला असावा, कारण तो जागच्या जागी क्षणभर घुटमळला. मग सगळा तळवा, बोटं पसरून, दोन खांद्यांच्या मधोमध टेकला आणि तिथंच राहिला. ना पुढं, ना मागं. आमच्या भाषेत असा शब्द नव्हता. पण त्या हातात इतका भार होता की मी हललो नाही.

मी वर झोत मारला. बारीक, आखूड. थांबलो. परत मारला. फार मारलं असतं तर वाफ होऊन आम्हीच शिजलो असतो. कमी मारलं असतं तर जिभा दारावर उतरल्या असत्या. शिंपड, थांब. शिंपड, थांब. मनगटात गोळे आले. कानाच्या पाळ्या भाजत होत्या. बाईची हाक येईनाशी झाली. मागं उत्तमची छाती माझ्या पाठीला भिडलेली, आणि त्या छातीला हुंदका दिल्यासारखे धक्के बसत होते. धुरानं ठसका लागला असेल असं मला वाटलं.

शिंपड. थांब.

मग माझ्या हाताच्या पंजावर एक थेंब पडला. कढत होता, पण थेंब होता. त्याच्यामागून दुसरा पडला. पुढच्या झोताला तर छतावरून पागोळी गळावी तसं पाणी खाली आलं. काळा धूर करडा झाला, हलका झाला, वर उचलला.

आणि भिंतीपलीकडून काळमेघ मामांची लांब शिट्टी आली.

बाया सगळ्या निघाल्या. एकीला खांद्यावर घालून आणावं लागलं. ती बाहेर येऊन ओकली आणि शुद्धीवर आली. ज्या बाईनं मला हाका मारल्या ती यापैकी कोणती, हे मी पाहायला गेलो नाही. पायच उचलत नव्हते.

*

लोक पांगतात तेव्हा फायरमनचं खरं काम सुरू होतं. कापसाची आग विझत नाही, आत शिरते. गाठ वरून काळी थंडगार दिसते आणि पोटात तिच्या निखारा असतो. एकेक गाठ ओढायची, तिच्या पट्ट्या तोडायच्या, पोट फोडायचं, भिजवायचं, पुढची घ्यायची. हाताला, पाठीला, डोळ्यांना, कशालाच आपलं म्हणावंसं वाटत नाही.

"मामा, मी दवाखान्यात जाऊन येऊ?" मी विचारलं.

काळमेघ मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग गोदामाकडे. "दुसऱ्या गावचा बंब निघाला आहे. तो आला का दोघंही जा. आता एक माणूस गेला तं हे पुन्हा पेटंल."

उत्तम ऐकत होता. तो वेड्यासारखा गाठी ओढत राहिला, हातमोजे फाटले तरी. रशीदभाई त्याला म्हणाला, "जवाई, जरा बस, पाणी पी." तर त्यानं मानही वर केली नाही.

दिवस कलता कलता दुसरा बंब आला. स्टेशनातून सायकली काढून आम्ही दोघं निघालो. वाटेवर माझं घर लागतं. मी सायकलचा ब्रेक लावला.

"थांब जवाई. आंघोळ करून घेतो. वच्छी म्हणली होती, धुराच्या वासाचा येऊ नको."

तो दोन-चार हात पुढं जाऊन थांबला. वळला नाही.

"असाच चाल," तो म्हणाला.

दवाखान्यातली खिडकीजवळची खाट पांढऱ्या चादरीनं झाकलेली होती, तोंडापर्यंत. वॉर्डातली आया माझ्याजवळ आली. तिला वाटलं मला ठाऊक आहे.

"लई वाट पाहिली जी तिनं," ती म्हणाली. "दुपारी जीव घाबरा झाला तसा म्या शिपायाले पाठवलं. तो म्हणला, निरोप सांगून आलो. मग म्हणलं, येतीनच. तरी बरीच तग धरली पोरीनं."

फाटकाजवळचा तो खाकी माणूस आठवला. मी उत्तमकडे पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तोंड काळं, नुसते डोळे पांढरे.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"ती जित्ती असताना?"

"हो."

"आन् तू मले कोणी नाई म्हणला."

काय निरोप होता, हे मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? बायको चालली आहे, या. दुसरं काय असणार? माणूस स्वतः गेला नाही, आणि सख्ख्या भावालाही जाऊ दिलं नाही. का, ते मला ऐकायचं नव्हतं. मी तिच्या पायांशी बसलो. माझ्या कपड्यांतून धुराचा वास सगळ्या वॉर्डभर सुटला होता. कोणी खोकलं नाही.

*

तिचं सगळं झालं, आणि मी उत्तमशी अबोला धरला. किती वर्षांचा, ते मोजायची मला इच्छा नाही. माझी पोरं शाळेत जात होती तेव्हा धरला, आणि त्यांची लग्नं झाली तरी तो तसाच होता.

काळमेघ मामांनी निवृत्त होण्याआधी दोघांनाही विचारलं होतं, पाळी बदलून देऊ का. मी नाही म्हणालो, आणि कळलं की तोही नाही म्हणाला होता. माझा राग त्याच्यावर होता, त्याच्या छातीवर नव्हता. आगीत माझ्या मागं दुसरा कोणी उभा राहिला असता तर मला पाऊल टाकता आलं नसतं. ही काय तऱ्हा, असं बायको विचारायची.

स्टेशनात आम्ही रशीदभाईमार्फत बोलायचो. "रशीदभाई, सांगा कोणाले तरी, होज वाळत घाला म्हणा." रशीदभाई उत्तमकडे वळून म्हणायचा, "जवाई, कोणीतरी म्हणते, होज वाळत घाला." उत्तम म्हणायचा, "घातली, सांगा." एकदा रशीदभाई वैतागला. "मी काय तुमचा टेलिफोन आहे का रे? दोघंही एका विहिरीत जाऊन पडा." आगीत मात्र मधे कोणी लागायचं नाही. एक थाप पुढं, दोन थापा मागं. किती आगी झाल्या, त्याच्या हातानं मला कधी चुकीचं सांगितलं नाही.

त्यानं दुसरं लग्न केलं नाही.

माझ्याआधी तो निवृत्त झाला. शाल, नारळ, हार, मुख्याधिकाऱ्यांचं भाषण. सगळे चहाला आत गेले. मी बाहेर अंगणात बंबाच्या पायरीवर बसलो होतो. तो आला आणि माझ्या शेजारी बसला. गळ्यात हार तसाच होता. केस पांढरे झाले होते, आणि श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आम्हा सगळ्यांचाच येतो तसा.

"उद्यापासून कोण राहते तुह्या मागं?" त्यानं विचारलं. सरळ मला. मधे कोणी नव्हतं.

माझ्या तोंडून उत्तर निघून गेलं. "देतीन कोणाले तरी."

"त्याले सांगजो, तू डाव्या अंगाले झुकतं. म्या खांदा देत होतो."

आत कपबशा वाजत होत्या.

"सुखदेव, त्या दिवशीचं सांगतो."

"काही सांगू नको. झालं ते झालं."

"ऐक. आता सांगाले हरकत नाई. आता आपण दोघं कोण्या आगीत संगं जात नाई." त्यानं गळ्यातला हार काढून मांडीवर घेतला. "आधी सांगतलं असतं तं तू ब्रँच धरून एकदा तरी मागं वळून पाहिलं असतं. माह्याकडं. त्यापरीस तू रागात राहिलेला बरा. रागातला माणूस समोर पाहते."

"काय सांगतलं असतं?"

"तू गेला असता तं ब्रँच माह्या हाती आली असती. सकाळी म्या काय केलं होतं, पाहिलं होतं ना तू? दाराआड बाया होत्या."

"मग तू तरी जायचं होतं. बायको होती तुही!"

"मागं कोण राहिलं असतं?" तो म्हणाला. मग मांडीवरचा हार सारखा केला. "आन् मले बोलावलंच नव्हतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तो शिपाई नुसता मले ओळखत होता. डबा घेऊन मीच जात होतो रोज. पण मी कोण लागतो तिचा, ते त्याले ठाऊक नव्हतं. त्याले वाटलं, मीच दादा, आन् तू तिचा नवरा; तुह्याकडं बोट करून तेच इचारत होता. जसा होता तसा निरोप त्यानं माह्या हातावर ठेवला. अर्धा सांगतला तवा मले समजलं. म्या त्याले थांबवलं नाई. ऐकून घेतलं सगळं."

"काय म्हणली ती?"

त्यानं हारातलं एक फूल चुरडलं आणि हात झटकला.

"दादाले बोलवा, म्हणे. लवकर. आन् त्यायले सांगू नका, म्हणे. ते घाबरतीन."